पडदा घरात आला, पाट कुणाच्या हाती?

(शिरपूर येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रसारमाध्यमे आणि श्रमजीवी वर्ग’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. संयोजकांची क्षमा मागून मी तो थोडा खाली उतरवणार आहे, घराच्या ओट्यावर आणणार आहे. नेटवरून मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर जे चित्र येते, ज्याला आपली मुले ‘ओटीटी’ म्हणतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. हा विषय राजकीय नाही असे काहींना वाटेल. काल रात्री जेवणानंतर ज्या गप्पा झाल्या, त्या ऐकल्यावर मला मात्र तो पुरेपूर राजकीय वाटू लागला.

कालच्या तक्रारींचा सूर एकच होता. संध्याकाळची बैठक लावली की माणसे येत नाहीत. आलीच तर मान खाली घालून हातातल्या पडद्याकडे पाहत राहतात. पूर्वी गाव पारावर जमे, आता जो तो आपापल्या खाटेवर. एका साथींनी तर ‘मोबाइल ही जनतेची नवी अफू आहे’ असा सिद्धान्तच मांडला. तो मांडून होतो न होतो तोच त्यांच्या स्वतःच्या खिशातून क्रिकेटच्या समालोचनाचा आवाज आला आणि चर्चा तेथेच आटोपली. मी त्यांना हसत नाही. आजच्या भाषणाची टिपणे मी परवा रात्री काढणार होतो. एका मालिकेचा एक भाग पाहून उठू म्हणून बसलो आणि चार भाग पाहून उठलो. एक भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. थांबायचे असेल तर बटण दाबावे लागते, पाहत राहायचे असेल तर काहीच करावे लागत नाही. ही रचना कोणी तरी हिशेबाने केलेली आहे, आणि त्या हिशेबाकडे मी नंतर येणारच आहे. पण ‘लोक बिघडले’ हे निदान मला मान्य नाही. लोक बिघडले असे ज्या ज्या वेळी चळवळीने म्हटले आहे, त्या त्या वेळी चळवळीने लोकांकडे पाहण्याचे सोडून दिलेले होते.

एकत्र पाहण्याचे एक सुवर्णयुग आपल्या पिढीच्या आठवणीत आहे. यात्रेत तंबूतला सिनेमा येई. पुढे १९८०च्या दशकात व्हिडिओ आला. गणपतीत वर्गणी काढायची, बैलगाडीतून नाही तर ट्रॅक्टरवरून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि एका रात्रीत तीन चित्रपट पाहायचे. तिसरा सुरू असताना निम्मे गाव तेथेच आडवे झालेले असे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु टीव्ही खऱ्या अर्थाने देशभर पसरू लागला तो १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर. १९८४ साली तर काही महिने दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहिले. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. हे सारे खरे आहे.

पण त्या दिवाणखान्यात कोण कुठे बसत असे, हेही आठवून पाहा. टीव्ही असे तो पाटलांच्या, व्यापाऱ्याच्या नाही तर मास्तरांच्या घरी. घरचे पुरुष खुर्चीवर, शेजारीपाजारी सतरंजीवर, पोरे अगदी पडद्याला नाक लावून, आणि बायका स्वयंपाकघराच्या दारात, हातातले काम न सोडता. सालदार अंगणात उभा असे. खिडकीतून जेवढे दिसेल तेवढे त्याचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आणि भिल्ल पाड्यांचा तर या आठवणीत उल्लेखही येत नाही, कारण तेथे वीजच नव्हती. आज त्या सालदाराच्या मुलाच्या हातात स्वतःचा पडदा आहे आणि तो पाहण्यासाठी त्याला कुणाच्या अंगणात उभे राहावे लागत नाही. पाराचा शोक करताना ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट वेळेची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. रात्री साडेआठ-नऊची बातमी, नऊची मालिका, रविवारचा सकाळचा कार्यक्रम हे वेळापत्रक कुणासाठी होते? जो साडेपाचला कचेरीतून सुटतो, सातपर्यंत घरी येतो, आठला जेवतो आणि ज्याला रविवारची सुट्टी असते, त्याच्यासाठी. शिरपूर तालुक्यात अशी माणसे किती? शेतीपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री; रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात केळीला पाणी भरणारा माणूस दोन वाजता विहिरीवर बसून असतो. सूतगिरणीतला कामगार तिसरी पाळी करून सकाळी घरी येतो. आग्रा रोडने पळासनेरचा घाट उतरून आलेला ट्रकचालक पहाटे ढाब्यावर अंग टाकतो. घरातली बाई सगळ्यांची जेवणे, भांडी, उद्याच्या पिठाची तयारी उरकून मोकळी होते तेव्हा अकरा वाजलेले असतात. या चौघांपैकी एकाच्याही सोयीने दूरदर्शनने किंवा नंतरच्या केबलवाल्यांनी कधी कार्यक्रम लावला नाही. आज विहिरीवरचा माणूस रात्री दोन वाजता हवे ते लावतो आणि वीज आली की मध्येच बंद करून मोटर सुरू करायला उठतो. परत येऊन जेथे सोडले तेथून पुढे पाहतो. श्रमिकाच्या तुटक, फाटक्या फुरसतीत बसेल असे हे पहिले चित्रमाध्यम आहे. पाहण्याची सवय बदलली ती केवळ मोहाने बदललेली नाही. त्यामागे कामाच्या तासांचा हिशेब आहे. आपल्या बैठका मात्र अजून संध्याकाळी सात वाजताच भरतात.

येथे एक अपवाद लगेच नोंदवतो. मी बाईचे उदाहरण दिले, पण अकरा वाजता मोकळी झालेली बाई ज्या फोनवर पाहते तो बहुधा तिचा नसतोच. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३.३ टक्के होते, पुरुषांचे ५७.१ टक्के. त्यानंतर परिस्थिती बदलली असेल, बदलली आहेही. परंतु घरात फोन एक आणि तो खिशात घेऊन हिंडणारा पुरुष, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. खिडकीबाहेरचा सालदार आत आला तरी घरातली बाई अजून दारातच उभी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता यंत्राकडे वळू. कार्यकर्त्याला यंत्र समजले पाहिजे. नाही तर तो कंपनीचे म्हणणे खरे मानतो आणि ग्राहकाला मूर्ख ठरवतो. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही फायबरची जोडणी घेतली. कंपनीचे नाव घेत नाही. नाव घेण्यासारखे तिने काही केलेले नाही. आमचे घर जुने, धाब्याचे, भिंती मातीच्या आणि हातभर रुंद. पुढच्या खोलीत चित्र स्वच्छ, मधल्या खोलीत आले की थांबे, ते गोल चक्र फिरत राही, आणि नायकाचे तोंड उघडे ते उघडेच. तीन वेळा तक्रार केली. प्रत्येक वेळी ‘तुमचा मोबाइल जुना आहे’ एवढेच उत्तर. शेवटी गल्लीतला वायरिंगचे काम करणारा पोरगा आला. त्याने पाहिले की बसवणाऱ्याने राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला होता. रेडिओलहरी लोखंडातून पलीकडे जात नाहीत आणि मातीच्या जाड भिंतीत बऱ्याचशा विरतात. त्याने राउटर काढून मधल्या दाराच्या चौकटीवर, उंचावर बसवला. काम झाले. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पण एक दुखणे राहिलेच. दिवसा सुरळीत चालणारे चित्र रात्री साडेआठनंतर अडखळे. ते दुखणे माझ्या भिंतींचे नव्हते. ते समजण्यासाठी टीव्ही आणि नेट यांतला एक मूलभूत फरक समजून घ्यावा लागेल. दूरदर्शनचा प्रक्षेपक किंवा उपग्रह हा दवंडीवाल्यासारखा आहे. तो एकदाच ओरडतो. ऐकणारा एक असो वा एक कोटी, त्याचा खर्च तेवढाच. नेटवरचे चित्र तसे नसते. ते पोस्टमनने घरोघर टाकायच्या पत्रासारखे आहे. प्रत्येक पाहणाऱ्याला स्वतंत्र प्रत पोहोचवावी लागते. चित्रपटाचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात; प्रत्येक तुकडा तीन-चार प्रतींचा, एक ठसठशीत, एक मध्यम, एक पुसट. तार मोकळी असेल तर ठसठशीत येतो, गर्दी असेल तर पुसट. पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवलेले असतात. तो साठा संपला आणि पुढचा तुकडा वेळेत आला नाही की ते चक्र फिरू लागते. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात साठा फार ठेवता येत नाही, आणि जो ठेवतात त्यामुळेच डिशवाल्या शेजाऱ्याच्या घरातून षटकाराची आरोळी आधी येते आणि आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना एका क्षणी हॉटस्टारवर ५ कोटी ९० लाख पडद्यांवर एकाच वेळी सुरू होता. पाच कोटी नव्वद लाख स्वतंत्र प्रती! तंत्रज्ञांच्या या कर्तबगारीला दाद दिलीच पाहिजे.

मात्र या प्रती शेवटी आपल्या गावच्या एका टॉवरमधून किंवा एका तारेतून याव्या लागतात, आणि त्या टॉवरची क्षमता ठरलेली असते. खानदेशच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर शतकानुशतके फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. पाणी सगळ्यांचे, म्हणून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे लाभधारकांनी मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना सर्वांनी मिळून द्यायचा. पाटाच्या तोंडाशी ज्याची जमीन, त्याला पाणी मिळणारच. खरा प्रश्न असतो शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा. फडाचे सगळे नियम त्या टोकाच्या माणसाचा विचार करून बनलेले होते. टॉवर हाही एक बंधाराच आहे. रात्री साडेआठला सगळे गाव एकदम पाणी ओढू लागते. तोंडाशी असलेल्या शिरपूर शहरात चित्र पुसट होते. बोराडीच्या पुढे, सातपुड्याच्या सोंडांआडच्या पाड्यावर ते मुळी पोहोचतच नाही, कारण डोंगर आडवा आला की लहरी अडतात. शिवाय वीज गेली की टॉवर बॅटरीवर, आणि बॅटरी संपली की टॉवर मुका. रस्त्याचे खोदकाम निघाले की फायबर तुटलीच म्हणून समजा. फरक एवढाच की या बंधाऱ्यावर पाटकरी आपला नाही, जागल्या आपला नाही आणि नियम ठरवणाऱ्या पंचांत आपल्यापैकी कोणीही बसत नाही.

शेवटच्या टोकाचे पाणी तुटते म्हणजे काय होते, हे आपण २०२० आणि २०२१ मध्ये पाहिले. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण चित्रफितींतून येऊ लागले. त्यापूर्वीच, २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सांगून ठेवले होते की ग्रामीण भारतात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे १४.९ टक्के आहेत, शहरांत ४२ टक्के. हा आकडा सरकारच्याच दप्तरात होता. तरीही घरोघरी फोन आहे असे गृहीत धरून अभ्यासक्रम सोडला गेला. सातपुड्यातली मुले रेंजसाठी टेकड्या चढली. एका घरात तीन भावंडे आणि एक फोन, तोही बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला. करमणुकीचे चित्र अडखळले तर आपण चरफडतो आणि झोपतो. त्या मुलांचे इयत्ता तिसरी-चौथीचे अक्षरवाचनच अडखळले. तीच मुले आज आठवी-नववीच्या वर्गात बसलेली आहेत. शिक्षक साथींना विचारा, ते जास्त सांगतील.

दराचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण तो तुम्ही दर महिन्याला स्वतः भोगता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात आली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट वाटला गेला. इतर कंपन्या मोडल्या, विकल्या गेल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. चटक लागली, स्पर्धक उरले नाहीत, आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. रोज दीड जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा जिओचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ रुपयांवर गेला. दीड जीबी म्हणजे काय? ठसठशीत चित्राला तासाला ढोबळमानाने तीन जीबी लागतात. म्हणजे अर्धा तास. पुसट चित्रावर समाधान मानले तर दीड तास. आणि अठ्ठावीस दिवस का, तीस का नाहीत? अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. आपल्या पंचांगात अधिक मास सुमारे तीन वर्षांतून एकदा येतो. या कंपन्यांनी तो दरवर्षीच आणला आहे, आणि धोंड्याचे वाण मात्र जावयाऐवजी त्यांनाच द्यावयाचे.

यापेक्षा गंभीर गोष्ट निराळी आहे. पाट ज्याच्या मालकीचा, पिकेही त्याच्याच मालकीची होऊ लागली आहेत. २०२२च्या लिलावात आयपीएल क्रिकेटचे पाच वर्षांचे हक्क एकूण ४८,३९० कोटींना गेले. त्यांपैकी भारतातले डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना घेणारी कंपनी रिलायन्सच्या समूहातली होती. २०२३ साली सामने फुकट दाखवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले चित्रव्यवसाय एक झाले, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोघांची दालने मिळून जिओहॉटस्टार झाले, आणि सामने पूर्ण पाहण्यासाठी वर्गणी किंवा विशिष्ट रिचार्ज आवश्यक झाला. तार त्यांची, दुकान त्यांचे, मालही त्यांचा. यापूर्वी एकदा लोकांनी अशा मक्तेदारीला अडवले होते, हे तरुण साथींना ठाऊक नसेल. २०१५ साली काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशी योजना आली होती. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक सामान्य माणसांनी दूरसंचार नियामकाला निषेधाची पत्रे पाठवली; ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामकाने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. त्या बंदीचे कलम आजही पुस्तकात आहे. पण रिचार्जबरोबरच स्वतःच्या दालनाची वर्गणी ‘मोफत’ चिकटवून द्यायची, ही मागच्या दाराची वाट आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. त्याच पाटावर आपल्या माणसांनी काय पिकवले, ते पाहिले तर ऊर भरून येतो. येथून आग्रा रोडने दक्षिणेला गेले की धुळ्यापलीकडे मालेगाव लागते. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमाग कामगार नट, बैलगाडीची क्रेन, कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणाचा. पुढे त्यांनी सुपरमॅन केला, आणि त्यात आकाशात उडणारे शफीक शेख यंत्रमागावर काम करीत. फैजा अहमद खान यांनी २००८ साली या उद्योगावर माहितीपट केला; २०२५च्या फेब्रुवारीत त्याच कथेवरचा मोठा हिंदी चित्रपट चित्रगृहांत आला. मालेगावचे हे चित्रपट पार्लरमधून आणि सीडीवरून पसरत. आज खानदेशातली पोरे शेतात चित्रण करतात, मोबाइलवर जुळवणी करतात आणि यूट्यूबवर सोडतात. ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले. लग्नाच्या वरातीत ते पुण्या-मुंबईतही वाजते. अहिराणी ही बोली गावंढळ म्हणून आपल्या मास्तरांनी आमच्या पाठीत धपाटे घातले होते. मुंबई केंद्रावर तिला जी जागा कधी मिळाली नाही, ती या पोरांनी कुणाची परवानगी न मागता मिळवली. यातली विनोदी प्रहसने मला नेहमीच आवडतात असे नाही. बाईची आणि ठेंगण्या माणसाची टिंगल करून हसू वसूल करण्याची खोड त्यांत फार आहे. ते त्यांना तोंडावर सांगावे. पण सांगण्यापूर्वी पाहावे तरी.

ही पोरे शेती करतात ती मात्र बटाईची. जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चित्रफीत करणाऱ्याला, ४५ टक्के यूट्यूबला, असा लांब चित्रफितींचा वाटा आहे. बी त्यांचे, मेहनत त्यांची, जमीन मालकाची. उद्या मालकाने वाटा बदलला, एखादी चित्रफीत उतरवली किंवा ती लोकांपुढे आणणेच थांबवले, तर दाद मागायला या बटाईदाराजवळ ना कूळकायदा आहे ना तलाठी. आपल्या चळवळीने कुळांचा प्रश्न हाती घेतला होता, तेव्हा आपण कूळ कोणते गाणे गातो हे पाहिले नव्हते. या मुलांच्या बाबतीतही तोच न्याय लागू पडतो.

मग उपाय काय? सरकारने सगळे ताब्यात घ्यावे, असे मी म्हणणार नाही. आणीबाणीत आकाशवाणी आणि दूरदर्शन कसे बोलत होते, ते ज्यांनी ऐकले आहे ते असे म्हणूच शकत नाहीत. म्हणूनच जनता सरकारने १९७७ मध्ये वर्गीज समिती नेमली आणि तिने स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ती तशी अमलात आली नाही. १९९० साली प्रसारभारती कायदा झाला, तो लागू व्हायला १९९७ उजाडले, आणि स्वायत्तता किती लाभली हे रोज रात्री दिसतेच. परंतु मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, एक फार मोठी गोष्ट घडली. क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी नको आणि खासगीही नको, असा त्या निकालाचा आशय आहे. मोबाइलच्या लहरी याच आकाशातून जातात. तारेसाठी रस्ता खणला जातो तो ग्रामपंचायतीचा. म्हणजे पाटाची जमीन आपली आहे. फक्त पाटकरी दुसऱ्याने नेमलेला आहे.

हे केवळ तत्त्व नाही, कोणी तरी करून दाखवलेले आहे. केरळने ५ जून २०२३ रोजी राज्याच्या मालकीचे फायबरचे जाळे सुरू केले आणि दारिद्र्यरेषेखालच्या वीस लाख कुटुंबांना मोफत जोडणीचे लक्ष्य ठेवले. ते लक्ष्य गाठताना त्यांची दमछाक झाली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्याच राज्याने ७ मार्च २०२४ रोजी सरकारी मालकीचे स्वतःचे चित्रदालन उघडले. पंचाहत्तर रुपये भरा, एक चित्रपट पाहा, महिन्याची वर्गणी नाही. केंद्राने २०११ साली मंजूर केलेले, पुढे भारतनेट या नावाने चाललेले जाळे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत न्यायचे आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठी आणखी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा आपला आहे. आणि महिन्याचे काहीही शुल्क न घेणारी दूरदर्शनची फ्री डिश २००४च्या डिसेंबरपासून आहे; पाड्यावरच्या पत्र्याच्या छपरावर जी डिश दिसते ती बहुधा हीच. दवंडीवाल्याचे युग संपले असे जे म्हणतात, त्यांनी एकदा बोराडीच्या पुढे जाऊन यावे.

तेव्हा माझी विनंती अगदी छोटी आहे. येत्या महिनाभरात प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीत जावे आणि भारतनेटची पेटी कुठे आहे ते विचारावे. ती बसवली असेल तर तिच्यातला हिरवा दिवा लागलेला आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. बहुतेक ठिकाणी त्या पेटीवर चपला नाही तर दप्तरे ठेवलेली असतील अशी मला शंका आहे. दिवा लागत असेल तर तीच तार शाळेत आणि वाचनालयात का गेली नाही, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी मांडावा. पाड्यांवर जाऊन कुठे कोणाची रेंज येते, किती वाजता जाते, याची नोंद करावी. कंपनीच्या नकाशावर सगळा तालुका व्यापलेला दाखवला जातो, तो नकाशा आपल्या वहीशी ताडून पाहता येईल. बैठकीची वेळ सातऐवजी वस्तीला विचारून ठरवावी, मग ती रात्री साडेदहाची निघाली तरी चालेल. आणि ज्या वाचनालयात एक टीव्ही आणि धड चालणारी जोडणी असेल, तेथे आठवड्यातून एकदा दुपारी, बायकांच्या सोयीने, त्यांनी निवडलेले काही लावावे. तुम्ही निवडलेले नव्हे. त्यांनी सासू-सुनेची मालिका लावली तर लावू द्या, आणि सगळ्यांबरोबर बसून ती पाहा.

ही वही कशी ठेवायची, तिचे रकाने मी कागदावर आखून आणले आहेत. ते आता मागच्या बाकापासून पुढे वाटतो. पहिला रकाना पाड्याच्या नावाचा, दुसरा तेथून सर्वांत जवळच्या टॉवरचा. तिसऱ्या रकान्याबद्दल बोराडीच्या साथींची हरकत आहे, असे मघाशी चहाच्या वेळी त्यांनी मला सांगितले. त्यांना आधी बोलू द्या.